वीस मार्चचा तांब्या

तांब्या प्रफुल्लपाशी आला आणि तिथंच थांबला.

त्यानं हात पुढं केलाच नाही. दाराजवळची खुर्ची त्यानं आणखी मागं ओढली, इतकी की तिचे मागचे पाय बाहेर लॉबीत गेले.

"घे की रे," कमलाबाई म्हणाली. "अक्षताचं झालं. आता तुझा नंबर."

"तुम्ही घ्या. मला नको."

"नको म्हणजे?"

"नको म्हणजे नको, आई."

चाळीतली खोली गेली, सतराव्या मजल्यावरची ही दोन खोल्यांची जागा आली, कमलाबाईचा नवरा रामजी जाऊन चौथं वर्ष लागलं. तांब्या मात्र तोच होता. रामजीचा बाप भिवा मिसरूड फुटायच्या वयात महाडला जाऊन तळ्याचं पाणी पिऊन आला होता. पुढं मुंबईत गिरणीत लागला, तर कापड विणायच्या साचेखात्यात त्याला घेतलं नाही. तिथं धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागायचं. महाराच्या तोंडाचं सूत बाकीच्यांच्या तोंडाला कसं लागणार? तेव्हा सूतकताईचं रिंगखातं. पाणी मागितलं की पाणीवाला वरून ओतायचा आणि भिवानं खाली वाकून ओंजळ धरायची. त्यावर भिवानं घरापुरता एक कायदा केला. वीस मार्चला घरातल्या सगळ्यांनी एका तांब्याला तोंड लावून पाणी प्यायचं. ओतून नाही, तोंड लावून. सगळ्यांत लहान त्यानं आधी, मोठ्यानं शेवटी. गिरणी संपाच्या साली चूल पेटत नव्हती, तेव्हाही तांब्या फिरला होता.

आणि आज प्रफुल्ल नको म्हणत होता.

अजित सोफ्यावर रेलला होता. धाकट्या भावाचं हे नाटक त्याला नवीन नव्हतं. या जागेच्या चाव्या मिळाल्यापासून प्रफुल्लनं इथं एक रात्र काढली नव्हती. शिवडीच्या गोदामात झोपतो म्हणे. आईला सांगितलं, माल येतो, थांबावं लागतं. अजितला कारण पक्कं माहीत होतं: जागा आईच्या नावावर झाली, पुढं कुणाच्या होणार, यावर साहेब रुसलेत. बोलायचं नाही, नुसतं तोंड फुगवून दारात बसायचं.

आणि अजितनं स्वतः काय केलं नव्हतं? ऑफिसात रजा टाकून दादरच्या घरून आला होता. त्रिशरण-पंचशील म्हणायला घसा मोकळा केला होता. आईला एसी घेऊन दिला होता, तो तिनं आज पहिल्यांदा, तेही त्यानं रिमोट हातात घेतला म्हणून, लावू दिला होता.

"काय रे," तो म्हणाला, "साहेबांना आता वेगळा ग्लास लागतो का?"

हे वाक्य या घरात कुणी कधी बोललं नव्हतं. दारू पिऊन आलेल्या चुलत्यानंही नाही. नम्रतानं नवऱ्याकडं पाहिलं आणि नजर फरशीवर टाकली.

प्रफुल्ल हसला. हसता हसता खोकला आला, तो त्यानं कोपरात दाबला. बराच वेळ दाबावा लागला.

"हो," तो म्हणाला. "लागतो वेगळा. मला टीबी आहे, दादा. साधा नाही. गोळ्यांना दाद न देणारा."

नम्रताचा पदर नाकाशी गेला. मग तिचं तिलाच कळलं आणि तिनं तो खाली सोडला.

अक्षता उठली. तिनं एसी बंद केला आणि खिडकीची काच या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवली. वरळीची दुपारची गरम हवा आणि खालच्या बांधकामाचा खडखडाट एकदम आत आला. दुसऱ्या खोलीतली खिडकीही तिनं उघडली. तिच्या चालण्यात घाई नव्हती. दचकलेलं माणूस असं चालत नाही.

कमलाबाईच्या ते लक्षात आलं. "तुला ठाऊक होतं," ती नातीला म्हणाली.

"हो, आजी."

"आणि बोलली नाहीस?"

"पेशंटचं नाव बाहेर सांगायचं नसतं. घरात तर मुळीच नाही. काकानं शपथ घातली होती."

कमलाबाईला आपलाच राग आला. लेक घरी येत नाही म्हणून तिनं काय काय मनात आणलं होतं! कुणी बाई ठेवली असेल. दारूचं व्यसन लागलं असेल. मागच्या महिन्यात फोनवर तर ती म्हणाली होती, मी मेले तरी इकडं फिरकू नकोस. आणि हा, आईला लागू नये म्हणून, सिमेंटच्या गोण्यांवर अंथरूण टाकून झोपत होता.

"कधीपासून?"

"मागच्या वर्षी, पावसाळ्यात कळलं."

"मग औषधपाणी?" अजित मध्येच बोलला. आता तो ताठ बसला होता. आवाजात मोठ्या भावाची जरब आणि थोडी भीतीही. "टीबीच्या गोळ्या सरकार फुकट देतं. सगळ्यांना देतं. घेतोस ना?"

"घेत होतो."

"होतो म्हणजे?"

"सोडल्या. संक्रांतीला."

"येडा झालास काय तू? अरे, लहान पोराला कळतं की कोर्स मध्येच सोडायचा नाही! फुकट मिळतं त्याची किंमतच नाही ना आपल्या लोकांना…"

"पप्पा," अक्षता म्हणाली, "आपल्या लोकांना काय?"

अजितनं हात उडवला. "तू मध्ये पडू नको."

"मी मध्येच आहे. काकाला गोळ्या मिळायच्या त्या केंद्रात मी काम करत होते."

प्रफुल्लला हे भांडण नको होतं. त्याला घरी जेवून परत शिवडीला जायचं होतं, आईच्या हातची डाळ आणि बोंबलाची चटणी खाऊन. पण एकदा बोललं गेलं होतं. आणि त्याला जाणवलं, महिनेच्या महिने आपण कुणाशी दोन वाक्यांच्या पुढं बोललेलोच नाही.

"दादा, ऐक," तो म्हणाला. "त्या गोळ्या गिळून बघ एकदा. मूठभर. अर्ध्या तासात आतडं तोंडात येतं. कान वाजतात. पाय असे जळतात की चप्पल घालवत नाही. शिवडीला ते सावली केंद्र होतं, गोदामापासून हाकेच्या अंतरावर. सकाळी जायचो. तिथं राधाबाई होती. आधी पेज द्यायची, तांदळाची, मीठ घालून. मग गोळ्या. मग शेजारी बसायची, पार पोटात बसेपर्यंत. उलटी झाली तर तोंड धुवायला पाणी. शिव्यापण घालायची. म्हणायची, मेल्या, गोळी ओकलास तर परत गिळायला लावीन. एक दिवस गेलो नाही तर गोदामात आली, हमालांसमोर कान धरून नेलं मला." त्यानं तोच कान चोळला. "गोळ्या सरकारच्याच होत्या रे. पोटात टिकवायची ती राधाबाई."

"मग?"

"मग केंद्र बंद. राधाबाई घरी. मला सांगितलं, मोठ्या दवाखान्यात जा. गेलो. अर्धा दिवस लायनीत. गोळ्यांची पिशवी हातात दिली, नेक्स्ट. घेतल्या, कामावर गेलो, मुकादमासमोर ओकलो. तीन वेळा झालं असं. चौथ्या वेळी तो म्हणाला, दारू पिऊन येतोस, उद्यापासून येऊ नको. मी पाया पडून काम ठेवलं. गोळ्या ठेवल्या बाजूला."

खिडकीतून आत आलेली धूळ नव्या फरशीवर बसत होती. कुणी पंखा लावायलाही उठलं नाही.

"पण बंद का झालं ते?" कमलाबाईनं विचारलं. "चांगलं चाललेलं ना?"

"अमेरिकेचा पैसा होता त्याच्यात," अजित पटकन म्हणाला. हे उत्तर त्याला तयार होतं. "त्यांचं सरकार बदललं, त्यांनी जगभरची मदत तोडली. एका फटक्यात. आफ्रिकेत, इकडं, सगळीकडं. त्याला आपण काय करणार? आणि खरं सांगू का आई, किती वर्षं परक्याच्या भिकेवर दवाखाने चालवायचे? आपण काय भिकारी आहोत?"

"बरोबर," अक्षता म्हणाली.

तो चपापला. त्याला विरोधाची सवय होती, होकाराची नव्हती.

"एकदम बरोबर, पप्पा. तिकडं कुणीतरी चकचकीत टेबलावर सही ठोकली आणि शिवडीतल्या माणसाची पेज बंद झाली. त्याला शिवडी नकाशात दाखवता यायची नाही. त्याला मी रोज शिव्या घालते. पण आपण भिकारी नाही म्हणता ना? तेच आम्ही इथल्या सरकारला म्हटलं. अमेरिकेनं नळ बंद केला, तुम्ही तुमचा उघडा. पेजेचा टोप, राधाबाईसारख्या चार बायका, एक नर्स. एवढंच मागितलं. दिवाळीपर्यंत वर्गणी काढून ओढलं आम्ही. म्हटलं, आता बजेटमध्ये घेतील. उड्डाणपुलाच्या खांबांवर फुलपाखरं रंगवायला असतात पैसे, समुद्रावर रंगीत दिवे लावायला असतात. राधाबाईला नसतात?"

"असं नसतं, अक्षता. भांडवली खर्च वेगळा, महसुली खर्च वेगळा. तिजोरीला तळ असतो."

"तो तळ दरवेळी आमच्याच वाटणीला कसा लागतो, दादा?" प्रफुल्ल दारातून म्हणाला.

नम्रता एवढा वेळ नवऱ्याच्या बाजूनं गप्प होती. लग्नानंतर ती हेच शिकली होती: सासरच्या माणसांसमोर नवऱ्याची बाजू घ्यायची, घरी गेल्यावर काय ते बोलायचं. पण आता तिचं लेकीच्या चेहऱ्याकडं लक्ष गेलं. हा चेहरा तिनं फेब्रुवारीत पाहिला होता. अक्षता कुठल्याशा मीटिंगहून आली, जेवली नाही, आणि तेव्हापासून बापाशी एक अक्षर धड बोलली नाही. नोकरी गेल्याचं दुःख असेल, असं नम्रता धरून चालली होती.

"अक्षू," ती हळूच म्हणाली, "फेब्रुवारीत काय झालं होतं?"

अक्षतानं ओठ चावला. मग बापाकडं वळली.

"पप्पा, तुम्ही प्रेझेंटेशनची तालीम आरशासमोर करता. कपाटाच्या. मोठ्यानं. मी चहा घेऊन आले होते एकदा. तुम्ही म्हणत होता, 'वस्तू पोचली की जबाबदारी संपली. वस्तूसोबत माणूस बसवणं हा दुबार खर्च आहे.' तीनदा म्हणालात, वेगवेगळ्या ठिकाणी जोर देऊन. आठवतं?"

अजितला आठवत होतं. वाक्यावर तो खूश होता. मोठ्या साहेबांनी ते मान डोलवून ऐकलं होतं. लोअर परळला त्याच्या सल्लागार कंपनीचं ऑफिस होतं. खाली जुन्या गिरणीची चिमणी शोभेला ठेवलेली, वर काच. त्याच काचेआड हे वाक्य जन्मलं होतं.

"मला वाटलं, कुठल्यातरी कुरिअरवाल्याचं काम असेल," अक्षता म्हणाली. "फेब्रुवारीत आम्ही मागणी घेऊन गेलो. समोरच्या साहेबानं ऐकून घेतलं, पाणीबिणी दिलं, आणि म्हणाला, मॅडम, आम्ही खर्चाचा आढावा घेतलाय. गोळी पोचली की जबाबदारी संपली. गोळीसोबत माणूस बसवणं हा दुबार खर्च आहे." तिचा आवाज फाटला. "जोरपण तुमच्याच ठिकाणी दिला त्यानं, पप्पा! बरोबर 'दुबार'वर!"

खाली कुठंतरी पायाचे खांब ठोकणारं मशीन सुरू झालं.

"वस्तू म्हणजे मी," प्रफुल्ल म्हणाला. मग स्वतःलाच दुरुस्त केलं. "नाही. वस्तू म्हणजे गोळी. मी तर त्याच्यात नव्हतोच."

"हे बघ," अजित उभा राहिला. "ऐकून घ्या जरा. मी ठरवत नाही. आमची कंपनी सरकारला पर्याय देते, ठरवणारे वेगळे. सतरा पर्याय दिले होते, त्यातला हा एक. मला कसं कळणार की माझा भाऊ… त्याच्यात नावं नसतात रे! आकडे असतात. तू सांगितलं असतंस तर…"

"तर काय केलं असतंस?"

"तर तुला चांगल्या प्रायव्हेट डॉक्टरकडं नेलं असतं! उद्यासुद्धा नेतो!"

"बस?" अक्षता म्हणाली. "काकाला प्रायव्हेट. आणि काकाच्या शेजारी पेज प्यायला बसायचे ते? रे रोडचा लाकूडवखारीतला अन्वर? ती कोळंबी सोलणारी दोन पोरांची आई? ती कुणाची वहिनी नाही म्हणून मरू दे?"

"तू मला खुनी म्हणतेस का?"

"मी काहीच म्हणत नाही. तुम्हीच बोला. आरसा नाहीये इथं, पण बोला."

"अक्षता!" नम्रता ओरडली. मग तिनं नवऱ्याचा दंड धरून त्याला खाली बसवला. "आणि तुम्हीपण बसा. बास झालं. ती खोटं बोलत नाहीये." आयुष्यात पहिल्यांदा तिनं हे सासरच्या घरात, सासूसमोर म्हटलं होतं.

कमलाबाई एवढा वेळ भिंतीवरच्या फोटोंखाली पाटावर बसली होती. मेणबत्ती वाऱ्यानं विझली होती, ती तिनं पुन्हा पेटवली नाही. तिला भांडवली खर्च कळत नव्हता. पण हे बोलणं तिनं आधी ऐकलं होतं. सासऱ्याच्या तोंडून.

"अजित," ती म्हणाली, "तुझ्या आजाला पाणी वरून ओतायचा, त्या पाणीवाल्याचं काय सांगायचे मामंजी, ठाऊक आहे? सांगायचे, माणूस वाईट नव्हता. पोराबाळांची चौकशी करायचा. एकदा मामंजींनी विचारलं, बाबा, भांडं देतोस का हातात? तर म्हणाला, भिवा, माझ्या हातात काय नाही. वरचा नियम आहे. मी फक्त ओतणारा."

"आई, हे काहीतरीच…"

"मी बोलतेय ना? मी फक्त ओतणारा! तुम्ही सगळेच फक्त ओतणारे. ठरवणारा कोण ते कधी कुणाला दिसतच नाही." ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. "तुला शिकवायला तुझ्या बापानं संपानंतर भायखळ्याच्या मंडईत बोजे वाहिले. हा प्रफुल्ल दहावीला शाळा सोडून गोदामात गेला, तुझी फी भरायची होती म्हणून. एकाच पोराला पुढं काढता येत होतं. तुला काढलं. कशाला काढलं? घरात एकजण तरी त्या टेबलावर बसेल, जिथं ठरतं. आणि तू बसलास. बसून काय लिहिलंस, तर माणूस दुबार आहे."

प्रफुल्ल म्हणाला, "आई, जाऊ दे. मी निघतो."

"तू कुठं निघतोस? बस! उद्यापासून गोळ्या सुरू करायच्या."

"नाही जमणार."

"पेज मी करीन. शेजारी मी बसेन. ओकलास तर मी धुवीन."

"आई, तू नको बघू ते…"

"तुझी हगणी-मुतणी काढली मी, आता उलटीला लाजतोस?" तिनं तांब्या उचलला. "या तांब्याला तोंड लावायचं तर गोळ्या घ्यायच्या. नाहीतर ऊठ आणि जा तुझ्या गोदामात. परत जयभीम घालायलापण येऊ नको."

प्रफुल्लनं अक्षताकडं पाहिलं. "उद्या तू येशील? दवाखान्यात? सोडलेल्यांना परत सुरू करायला डॉक्टर ओरडतात."

"येईन. ओरडू दे. सगळ्या तपासण्या परत कराव्या लागतील." तिनं डोळे पुसले. "पण आजी, काकाला तू आहेस. बाकीच्यांच्या घरात तू नाहीस."

"ठाऊक आहे," कमलाबाई म्हणाली. "त्याचं पण बघू. त्या राधाबाईला घेऊन ये इकडं. मला भेटायचंय तिला." आणि तांब्या प्रफुल्लपुढं धरला.

"आई, तुम्हा सगळ्यांना…"

"तांब्यानं नाही पसरत, काका," अक्षता म्हणाली. "श्वासानं पसरतं. म्हणून तर खिडक्या उघडल्या. प्या बिनधास्त."

प्रफुल्ल प्यायला. तोंड लावून. घोट घशाखाली जाताना त्याच्या मानेची हाडं वरखाली झाली. ती किती वर आलीत हे आत्ता सगळ्यांना दिसलं.

तांब्या नम्रताकडं गेला. तिनं एकदा लेकीकडं पाहिलं, अक्षतानं मान हलवली. नम्रता प्यायली. आणखी एक घोट प्यायली, मुद्दाम, आणि तांब्या नवऱ्याच्या हातात दिला.

अजितनं तो धरला. काठावर ओल होती. त्यानं आत पाहिलं. शिकलेला माणूस होता, श्वासानं पसरतं हे त्यालाही ठाऊक होतं. त्यानं तांब्या तोंडाच्या दिशेनं अर्ध्यावर नेला, आणि तो हात तिथंच राहिला.

"मी…" तो म्हणाला. "माझा घसा सकाळपासून जरा… सोमवारी मोठी मीटिंग आहे. मी नंतर घेतो, आई. घेतो नक्की."

प्रफुल्लनं नजर खिडकीकडं वळवली. भावाला लाज वाटू नये म्हणून. अक्षतानं नाही वळवली.

कमलाबाईनं अजितच्या हातातून तांब्या काढून घेतला. ओढून नाही, तापलेल्या पोराच्या हातून खेळणं घ्यावं तसा. ती त्याच्यासमोर उभी राहिली. सोफ्यावर बसल्यामुळं तो आईपेक्षा बुटका दिसत होता.

"तहान लागली असंल," ती म्हणाली. "ओंजळ कर."

"आई…"

"ओंजळ कर म्हणते ना."

त्याला वाटलं, ही थट्टा आहे. मग त्यानं तिचा चेहरा पाहिला. तिनं तांब्या वर नेला, खांद्याच्याही वर, जिथून काहीही कशालाही लागणार नाही इतका वर, आणि तिरपा केला.

अजितचे हात आपोआप जवळ आले. बोटं मिटली, अंगठे आत वळले, मान खाली वाकली. त्याला कुणी कधी शिकवलं नव्हतं, तरी बरोबर जमलं. धार पडली. बोटांच्या फटीतून त्याच्या इस्त्रीच्या पँटीवर गळली, फरशीवर पसरली.

"पी," कमलाबाई म्हणाली.

तो प्यायला की नाही, हे तिनं पाहिलं नाही. उरलेल्या पाण्यासकट तांब्या तिनं तोंडाला लावला आणि तळापर्यंत रिकामा केला.